उष्णता उपसणारा पंप

चंद्रपूर जिल्हा म्हटला की उन्हाळ्यात ४५ अंश सेल्सिअसच्या वर चढणारा पारा आठवतो. पण याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याला डिसेंबर-जानेवारीत पहाटे जाऊन पाहा. धानाच्या बांध्यांवर धुके उतरलेले असते आणि घराघरांपुढे शेकोट्या पेटलेल्या असतात. अशा पहाटे विहिरीतून ताजे काढलेले पाणी हातावर घेतले, तर ते कोमट लागते. त्याच विहिरीचे पाणी मे महिन्याच्या दुपारी गार लागते. विहीर ऋतू पाहून आपले पाणी तापवते किंवा गार करते काय?

नाही. दोन्ही वेळा पाण्यात तापमापी बुडवून पाहा. दोन्ही नोंदींत फारसा फरक आढळणार नाही. जमिनीच्या वरच्या थरावर उन्हाचा व थंडीचा परिणाम होतो. पण काही मीटर खोल गेले की तेथील तापमान वर्षभर जवळजवळ एकच राहते, आणि ते त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास असते. आपल्या या भागात ते सुमारे २७ अंश धरायला हरकत नाही. बदलते ती विहिरीबाहेरची हवा आणि तिच्यात वावरणारा आपला हात.

म्हणजे थंडीच्या पहाटे आपण गारठत असतो, तेव्हा आपल्या पायांखाली उष्णतेचा मोठा साठा पडून असतो. तरी आंघोळीचे पाणी तापवायला आपण काय करतो? वसतिगृहाच्या मागच्या अंगणात, खाणावळीच्या पडवीत, दवाखान्याच्या आवारात मोठा हंडा चुलीवर चढतो आणि त्याखाली लाकूड जळते. हे लाकूड जंगलातून येते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या या मुलखात सरपणासाठी जंगलात जाणे किती धोक्याचे आहे, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. पाणी तापवण्यासाठी कमी लाकूड लागले, तर जंगल वाचेल आणि माणसांच्या जंगलातल्या फेऱ्याही कमी होतील.

मग विहिरीतली ती उष्णता आपल्याला वापरता येईल काय? येईल. त्यासाठी एक पंप लागतो, पण तो पाणी उपसणारा नव्हे, उष्णता उपसणारा.

उतार आणि चढ

पाणी आपोआप उंचावरून खाली वाहते. खालचे पाणी वर न्यायचे तर मोटार लावावी लागते. उष्णतेचेही तसेच आहे. ती आपोआप गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, उलट कधीच जात नाही. विहिरीच्या २७ अंशांच्या पाण्यात उष्णता कितीही असली, तरी ती स्वतःहून ४५ अंशांच्या हंड्यात चढणार नाही. तिला चढवायचे तर बाहेरून काम करावे लागेल. हे काम जे यंत्र करते, त्याला ‘उष्णता पंप’ म्हणतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. विजेचा हीटर उष्णता तयार करतो. एक युनिट वीज घेतो आणि एक युनिटच उष्णता देतो. उष्णता पंप मात्र आयती उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी नेतो. त्याला लागणारी वीज ही केवळ उपशाची मजुरी आहे. म्हणून एक युनिट वीज खर्च करून तो तीन किंवा चार युनिट उष्णता हंड्यात आणून टाकतो. येथे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडला असे समजू नका. चारपैकी तीन युनिटे विहिरीच्या पाण्यातून आली आणि चौथे विजेतून आले. हिशेब चोख जुळतो.

फ्रीजच्या पाठीमागे

उष्णता पंप तुम्ही पाहिलेलाच आहे, फक्त त्याचे हे नाव तुम्हाला ठाऊक नसेल. घरात, शेजारी किंवा गावातल्या थंड पेयांच्या दुकानात जो फ्रीज असतो, तो उष्णता पंपच होय. तो आतल्या भाजी-दुधातली उष्णता उपसतो आणि बाहेर टाकतो. चालू फ्रीजच्या मागे किंवा बाजूला हात नेऊन पाहा, ऊब लागते. आपल्याला आतला गारवा हवा असतो, म्हणून त्याला आपण गारवा देणारे यंत्र म्हणतो. बाहेरची ऊब हवी असती, तर त्यालाच ऊब देणारे यंत्र म्हटले असते.

हे घडते कसे? त्यासाठी दोन साध्या अनुभवांची आठवण करा. हातावर स्पिरिट चोळले की ते चटकन उडून जाते आणि हात गार पडतो. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. उलट, वाफेचा पुन्हा द्रव होताना तीच उष्णता बाहेर पडते. भाताच्या वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा अधिक का बसतो, याचेही कारण हेच.

दुसरा अनुभव प्रेशर कुकरचा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या सुमारास उकळते. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे ते सुमारे १२० अंशांवर उकळते. म्हणजे दाब वाढवला की द्रवाचा उत्कलनबिंदू चढतो आणि दाब कमी केला की उतरतो.

उष्णता पंपात या दोन गोष्टींची सांगड घातलेली असते. बंद नळ्यांच्या फेऱ्यात एक असा द्रव भरतात, जो फार कमी तापमानाला उकळतो. अमोनिया साध्या दाबाखाली उणे ३३ अंशांना उकळतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांना. आता या द्रवाच्या मागोमाग चला. पहिल्या टप्प्यात तो कमी दाबाच्या नळीत असतो आणि नळीभोवती विहिरीचे पाणी खेळत असते. आपल्याला गार वाटणाऱ्या पाण्याच्या उष्णतेनेही तो उकळतो आणि त्याची वाफ होते. दुसऱ्या टप्प्यात विजेवर चालणारा संपीडक, म्हणजे कॉम्प्रेसर, या वाफेला दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी तापते, तशी ही वाफ दाबली जाऊन चांगलीच तापते. तिसऱ्या टप्प्यात ही तापलेली वाफ आंघोळीच्या पाण्यातून जाणाऱ्या नळीत शिरते. दाब जास्त असल्यामुळे ५० अंशांच्या आसपासही तिचा द्रव होतो, आणि तिच्यातली उष्णता पाण्याला मिळते. चौथ्या टप्प्यात हा द्रव एका बारीक झडपेतून जातो. त्याचा दाब आणि तापमान दोन्ही उतरतात आणि तो पुन्हा पहिल्या टप्प्याला येतो. द्रव संपत नाही, तो फक्त फेऱ्या मारतो. त्याचे काम हमालाचे आहे: येथे ओझे उचलायचे आणि तेथे उतरवायचे.

झुरिकचे नगरभवन

या यंत्राची कल्पना बरीच जुनी आहे. फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ मध्ये उष्णता आणि काम यांचे नाते मांडले. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखला गेलेला शास्त्रज्ञ, याने १८५२ मध्ये असे दाखवून दिले की इमारत उबदार ठेवण्यासाठी इंधन नुसते जाळण्यापेक्षा त्याच्या शक्तीवर बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणे अधिक किफायतशीर ठरेल. १८५६ मध्ये पेटर फोन रिटिंगर याने ऑस्ट्रियातील एबेन्झे येथील मिठाच्या कारखान्यात हेच तत्त्व वापरून पाहिले.

पण मोठ्या इमारतीसाठी उष्णता पंपाचा नावाजलेला वापर झाला तो स्वित्झर्लंडमध्ये. झुरिक शहराचे नगरभवन सतराव्या शतकाच्या अखेरीस लिम्मात नदीच्या पात्रालगत बांधलेले आहे. १९३८ मध्ये तेथे लाकडाच्या शेगड्यांच्या जागी एशर व्हिस कंपनीने उष्णता पंप बसवला. तो नदीच्या पाण्यातली उष्णता घेई आणि इमारतीत खेळणारे पाणी ६० अंशांपर्यंत तापवी. त्याची क्षमता सुमारे १०० किलोवॉट होती. हिवाळ्यात त्या नदीत हात घातला तर तो बधिर व्हावा, आणि त्याच नदीच्या उष्णतेवर सभागृहे उबदार राहावीत! उन्हाळ्यात तेच यंत्र इमारत गारही करू शके. हा पंप ६० वर्षांहून अधिक काळ चालला. २००१ मध्ये तो बदलण्यात आला.

झुरिकने हा खटाटोप का केला? स्वित्झर्लंडकडे स्वतःच्या कोळशाच्या मोठ्या खाणी नाहीत. डोंगरातल्या पाण्यावर तयार होणारी वीज मात्र त्यांच्याकडे होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी कोळसा दुर्मिळ झाला, तेव्हा त्या देशात असे आणखी पंप बसवले गेले. इंग्लंडमध्ये नॉरिच शहरात जॉन समनर या अभियंत्याने १९४५ मध्ये वीज खात्याच्या इमारतीसाठी नदीच्या पाण्यावर चालणारा पंप उभा केला. पुढे १९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले आणि जगाचे लक्ष पुन्हा या यंत्राकडे वळले. स्टॉकहोममध्ये १९८० नंतरच्या दशकात समुद्राच्या पाण्यातून उष्णता घेणारे पंप बसवण्यात आले. त्यांची एकूण क्षमता १८० मेगावॉट आहे, आणि ते घरे व कचेऱ्या उबदार ठेवतात.

विहीर किती खोल?

आता तुम्ही म्हणाल, ही तर थंड देशांची गोष्ट झाली. आपल्याकडे खोल्या तापवायची गरज ती केवढी? खरे आहे. पण एक लहानसे गणित करून पाहू या. त्याचे उत्तर तुम्हाला चकित करील.

पाणी उपसायला किती वीज लागेल, हे विहीर किती खोल आहे यावर ठरते. उष्णतेच्या बाबतीत ही खोली म्हणजे दोन तापमानांतला फरक. उष्णता पंप एका युनिट विजेत किती युनिट उष्णता देतो, त्या आकड्याला ‘कार्यगुणांक’ म्हणतात. कार्नोच्या सिद्धान्तावरून त्याची कमाल मर्यादा काढता येते. गरम बाजूच्या निरपेक्ष तापमानाला दोन्ही तापमानांच्या फरकाने भागायचे, एवढेच. निरपेक्ष तापमान म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून येणारा आकडा.

झुरिकसाठी नदीचे पाणी ५ अंश आणि तापवायचे पाणी ६० अंश धरा. ६० अधिक २७३ म्हणजे ३३३. त्याला ५५ ने भागले की उत्तर येते सुमारे ६. आता पोंभुर्ण्याची विहीर घ्या. विहिरीचे पाणी २७ अंश आणि गरम पाणी ५० अंश. ५० अधिक २७३ म्हणजे ३२३. त्याला २३ ने भागले की उत्तर येते १४! खऱ्या यंत्रात घर्षण असते, उष्णतेची गळती असते, आणि उष्णता नळीतून आत-बाहेर जाण्यासाठीही तापमानाचा थोडा फरक ठेवावा लागतो. त्यामुळे या कमाल आकड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच मजल जाते. तरीही तुलना स्पष्ट आहे. झुरिकची विहीर खोल आहे, आपली उथळ आहे. थंड देशाच्या गरजेतून वाढलेले हे यंत्र आपल्या उबदार मुलखात पाणी तापवायला अधिक सोयीचे पडते.

हिशेब वसतिगृहाचा

समजा, पोंभुर्ण्यासारख्या गावी शंभर मुलांचे वसतिगृह आहे. प्रत्येकाला आंघोळीला १५ लिटर गरम पाणी द्यायचे, म्हणजे रोज १,५०० लिटर पाणी लागेल. टाकीतले पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचे आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणून १,५०० गुणिले २०, म्हणजे ३०,००० किलोकॅलरी उष्णता हवी.

ती लाकडातून घ्यायची तर? एक किलो वाळलेल्या लाकडातून सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता निघते. पण साध्या उघड्या चुलीत तिचा बहुतेक भाग धुराबरोबर आणि वाऱ्याबरोबर निघून जातो. शेकडा १२ भाग हंड्याला मिळाले असे धरले, तर एका किलोला जेमतेम ४२० किलोकॅलरी पदरी पडतात. म्हणजे रोज सुमारे ७० किलो लाकूड लागेल! थंडीचे नव्वद दिवस मोजा. सहा टनांहून अधिक लाकूड होते.

आता विजेचा हीटर घ्या. एका युनिटची उष्णता ८६० किलोकॅलरी, म्हणून रोज सुमारे ३५ युनिटे लागतील. उष्णता पंपाचा कार्यगुणांक बेताचा, म्हणजे ३.५ धरला, तर केवळ १० युनिटांत तेच काम होईल. उरलेली २५ युनिटांची उष्णता विहिरीचे पाणी देईल. त्यासाठी सुमारे ४,३०० लिटर पाणी यंत्रातून फिरवून ५ अंशांनी गार करावे लागेल. ते पाणी वाया जात नाही; त्यात काही मिसळत नाही, ते फक्त गार होते. पुढे ते बागेला, भाजीच्या वाफ्याला देता येते.

विहीर नसली तरी अडत नाही. बाजारात मिळणारे बरेचसे पंप हवेतूनच उष्णता घेतात. मात्र ते पहाटेच्या गारठ्यात चालवण्यापेक्षा दुपारी, हवा उबदार असताना चालवावेत आणि गरम पाणी उष्णतारोधक आवरणाच्या टाकीत साठवावे. दुपारची उथळ विहीर सोडून पहाटेच्या खोल विहिरीतून पाणी कशाला काढायचे?

कोळशाचे तीन भाग, विजेचा एक

आपल्या जिल्ह्यातच या हिशेबाचा आणखी एक धडा आहे. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. तेथे कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर जनित्रे फिरतात. पण कोळशाच्या उष्णतेच्या शंभर भागांपैकी वीज होते ती साधारण तेहतीस-पस्तीस भागांची. बाकीची उष्णता शीतन मनोऱ्यांतून आणि धुराड्यांतून हवेत जाते. त्या मनोऱ्यांवर तरंगणारे वाफेचे ढग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. तारांमधून येताना आणखी थोडी वीज गळते. समजा, आपल्यापर्यंत तीस भाग पोहोचले. ते हीटरमध्ये घातले, तर शंभर भाग कोळसा जाळून आपल्याला तीस भाग ऊब मिळाली. तेच तीस भाग उष्णता पंपात घातले, तर साडेतीन पटीने शंभराच्या आसपास ऊब मिळते. वीज केंद्रात जेवढी उष्णता हातची गेली, तेवढी विहिरीने परत आणून दिली!

एका विजेत दोन कामे

उष्णता पंपाची एक बाजू तापते तेव्हा दुसरी गार होते, हे आपण पाहिले. ज्या इमारतीत ऊब आणि गारवा दोन्ही हवेत, तेथे तर हे यंत्र दुहेरी उपयोगी पडते. दूध संकलन केंद्राचे उदाहरण घ्या. आलेले दूध ४ अंशांपर्यंत लवकर गार करावे लागते आणि त्याच वेळी कॅन व भांडी धुण्यासाठी गरम पाणी लागते. दुधातली उष्णता हवेत फेकायची आणि पलीकडे लाकूड किंवा डिझेल जाळायचे, हा दुहेरी तोटा झाला. दुधातून काढलेली उष्णताच धुण्याच्या पाण्यात घातली, तर दोन्ही कामे एका विजेत होतात. रुग्णालयात शस्त्रक्रियेची खोली गार लागते आणि कपडे धुण्यास गरम पाणी लागते. हॉटेलात खोल्या गार लागतात आणि न्हाणीघरात गरम पाणी लागते. तेथेही हाच उपाय चालतो. फिनलंडच्या हेलसिंकी शहरात २००६ साली सुरू झालेले एक केंद्र शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून, तसेच इमारती गार करून परत आलेल्या पाण्यातून उष्णता काढून शहराला ऊब पुरवते.

उन्हाळ्यात चंद्रपूरच्या बाजारपेठेतून चालताना दुकानांच्या बाहेर लावलेल्या वातानुकूलन यंत्रांचे गरम झोत अंगावर येतात. ती फेकून दिलेली उष्णता होय. तिचा थोडा भाग तरी कामी लावता येईल काय, याचा विचार तुमच्यापैकी एखादा उद्याचा अभियंता करील.

अडचणीही पाहू

कोणत्याही यंत्राचे गुण गाताना त्याच्या मर्यादा झाकू नयेत. पहिली गोष्ट म्हणजे उष्णता पंप हीटरपेक्षा बराच महाग असतो. त्याची किंमत विजेच्या बचतीतून हळूहळू वसूल होते. म्हणून जेथे रोज भरपूर गरम पाणी लागते, तेथेच तो परवडतो. चार माणसांच्या घरासाठी तो घेण्याची घाई करू नये. दुसरे, वीज वारंवार जात असेल किंवा तिचा दाब खालीवर होत असेल, तर कॉम्प्रेसर बिघडतो आणि दुरुस्त करणारा जाणकार जवळ असावा लागतो. तिसरे, आपल्याकडे ऊन मुबलक आहे. छपरावरचा सौर बंब जवळजवळ विजेशिवाय पाणी तापवतो. तेव्हा पहिला मान त्याचाच. ढगाळ दिवसांत किंवा छपरावर जागा कमी असेल तेथे उष्णता पंप त्याच्या मदतीला घ्यावा, हे शहाणपणाचे.

चौथी अडचण नळ्यांत फिरणाऱ्या द्रवाची. झुरिकच्या पंपात वापरलेला आर-१२ हा पदार्थ हवेत सुटला की वरच्या वातावरणातील ओझोनच्या थराला मारक ठरतो, हे पुढे ध्यानात आले; १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तशा पदार्थांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्यांच्या जागी आलेल्या काही पदार्थांनी ओझोनला धक्का लागत नाही, पण ते पृथ्वीचे तापमान वाढवतात. त्यांचाही वापर घटवण्याचे २०१६ मध्ये किगाली येथे ठरले. म्हणून आता अमोनिया, प्रोपेन आणि कार्बन डायऑक्साइड यांकडे पुन्हा लक्ष वळले आहे. अमोनिया विषारी आहे आणि प्रोपेन ज्वालाग्राही आहे. तेव्हा त्यांना जपून हाताळावे लागते.

करून पाहा

हे सारे वाचून झाल्यावर आपल्या गावात तीन गोष्टी करून पाहा. प्रयोगशाळेतली तापमापी घेऊन शिक्षकांच्या देखरेखीखाली विहिरीच्या किंवा हातपंपाच्या ताज्या पाण्याचे आणि बाहेरच्या हवेचे तापमान दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, पहाटे व दुपारी नोंदवा. वर्षाअखेर दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. हवेची रेषा चढ-उतार करील, पाण्याची जवळजवळ सरळ जाईल. दुसरे, शाळेच्या वसतिगृहात, खाणावळीत किंवा दवाखान्यात रोज किती पाणी तापते आणि त्यासाठी किती लाकूड, गॅस किंवा वीज लागते, हे विचारून वरच्यासारखा हिशेब मांडा. तिसरे, त्याच जागी फ्रीज, शीतगृह किंवा वातानुकूलन यंत्र कोठे उष्णता बाहेर टाकते, त्याचा शोध घ्या आणि एका साध्या नकाशात उष्णता कोठे फेकली जाते व कोठे विकत घेतली जाते ते दाखवा.

हा नकाशा वर्गात भिंतीवर लावा. फेकण्याची जागा आणि विकत घेण्याची जागा यांत फक्त एका भिंतीचे अंतर आहे, असे काही ठिकाणी तुम्हाला आढळेल. तसे आढळले, तर तो हिशेब मुख्याध्यापकांना किंवा त्या संस्थेच्या व्यवस्थापकांना जरूर दाखवा. रोजचे ७० किलो लाकूड हा आकडा त्यांनाही विचार करायला लावील.